पुढच्या रविवारी कॉफी कोण करणार?

आमच्या गावातल्या एपिस्कोपल, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चच्या अमेरिकन शाखेतल्या, चर्चचा सगळ्यात महत्त्वाचा कागद हॉलच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या दारावर लावलेला असतो. डावीकडे रविवारांच्या तारखा आणि पुढे रकाने: वाचन कोण करणार, प्रार्थना कोण म्हणणार, फुलं कुणाची, प्याला कोण धरणार, दारात कोण उभं राहणार. सगळ्यात शेवटी, सगळ्यात जास्त खाडाखोड झालेला रकाना कॉफीचा. देवावर तुमचा विश्वास किती, हे मला तिथे आजवर कुणी विचारलेलं नाही. कॉफीचं मात्र तोंडओळख झाल्या झाल्या विचारलं.

मी ख्रिस्ती नाही, व्हायचा विचारही नाही. पेनसिल्व्हेनियातल्या या लहानशा गावात आमची मराठी शाळा रविवारी दुपारी या चर्चच्या हॉलमध्ये भरते, एवढाच मूळ संबंध. टेबलं मांडायला म्हणून मी जरा लवकर जायचे, तेव्हा वरची उपासना सुटून मंडळी खाली कॉफीला उतरलेली असायची. कुणी हातात केकचा तुकडा ठेवायचं, कुणी मुलांची चौकशी करायचं. असं करता करता खालची मी वर कधी जाऊ लागले ते कळलं नाही. आता अधूनमधून मागच्या बाकावर असते. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, सगळे जातात तेव्हा त्यांच्याबरोबर पुढे जायचं आणि दोन्ही हात छातीवर आडवे ठेवायचे, म्हणजे पाद्रीबाई भाकर न देता नुसता आशीर्वाद देतात. माझ्यासारख्या काठावरच्यांना ही सोय फार बरी आहे.

रविवारी उपासना दोन, सकाळी आठची आणि दहाची. त्यातली आठवाल्यांची जातच वेगळी. जेमतेम डझनभर माणसं, आणि प्रत्येकाच्या मध्ये निदान दोन बाकं मोकळी. गाणी नाहीत, ऑर्गन नाही, इंग्रजी जुन्या वळणाचं. पाऊण तासात सगळं आटोपून घरी. उपासनेच्या मध्यावर एकमेकांना 'शांती असो' म्हणायची वेळ येते, तेव्हा दहावाले बाकं सोडून गावजेवणाला आल्यासारखे सगळीकडे हिंडतात, मिठ्या मारतात, गुडघ्यांच्या चौकशा करतात. आठवाले जागच्या जागी मान हलवतात. त्यांच्यातले एक आजोबा १९२८ च्या प्रार्थनापुस्तकाची स्वतःची प्रत घेऊन बसतात. हल्ली चालतं ते पुस्तक १९७९ चं, म्हणजे ते येऊनही चांगली चार तपं होत आली, पण आजोबांच्या लेखी ते अजून 'नवीन पुस्तक'च आहे.

या लोकांचं सगळं त्या पुस्तकात लिहिलेलं असतं. लग्न, बारसं, मयत, आजाऱ्याच्या उशाशी म्हणायचं काय, पाप कबूल करायचं कसं, सगळं. कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे, हेही. सुरुवातीला मला हे थोडं रुक्ष वाटलं होतं. पण ज्या आठवड्यात माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं त्या आठवड्यात तयार शब्द हातात असणं ही किती मोठी चैन आहे, हे ते शब्द ऐकता ऐकता कळतं. पाद्रीबाईंनाही वाचनं आपल्या मर्जीने निवडता येत नाहीत. तीन वर्षांचं चक्र ठरलेलं आहे आणि त्या रविवारी जे येईल ते वाचायचं. दर तिसऱ्या सप्टेंबरात त्यात लूकच्या शुभवर्तमानातला अन्यायी कारभारी येतो. मालकाच्या हिशेबात गोलमाल करतो आणि वर मालकाची शाबासकी मिळवतो, तो. त्या रविवारी प्रवचन कसं करायचं या चिंतेत बाई आठवडाभर असतात. मागच्या खेपेला त्यांनी व्यासपीठावरून सरळ सांगितलं की ही गोष्ट मला आवडत नाही, पण आज आली आहे, तेव्हा आपण सगळे मिळून तिच्याशी जरा झटापट करू. मला ते प्रवचन बाकीच्यांपेक्षा जास्त आवडलं.

पाद्रीबाई हा शब्द मी इतक्या सहज लिहिते आहे, पण तोही फार जुना नाही. १९७४ च्या जुलैत इथून जवळच, फिलाडेल्फियात, अकरा बायकांनी परवानगीची वाट न बघता याजकपदाची दीक्षा घेतली. अधिकारावर नसलेल्या तीन बिशपांनी ती दिली आणि मोठा गदारोळ झाला. दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, चर्चच्या सर्वसाधारण परिषदेने बायकांच्या दीक्षेला रीतसर मान्यता दिली. आमच्या चर्चमधल्या काही आज्यांना तो काळ चांगला आठवतो. त्यातल्या एकीचा तेव्हा कडक विरोध होता. आता बाईंच्या झग्याची खालची शिवण उसवली की तीच टाके घालते.

बाई अर्ध्या वेळच्या आहेत. म्हणजे पगार अर्धा. काम किती, ते विचारू नका. बाजूच्या गावातलंही एक चर्च त्यांच्याकडे आहे, त्यामुळे महिन्यातून एखादा रविवार त्या तिकडे असतात आणि इकडे निवृत्त शाळामास्तर किंवा हार्डवेअरच्या दुकानातली बाई प्रातःकालची प्रार्थना चालवते. कुणाचं काही अडत नाही. हे मला आधी विचित्र वाटायचं. मग इतिहास वाचल्यावर उलगडलं. हे बिशप मानणारं चर्च, पण १६०७ साली इंग्रज व्हर्जिनियात उतरले तेव्हापासून स्वातंत्र्ययुद्ध संपेपर्यंत या वसाहतींत त्यांचा एकही बिशप राहत नव्हता. बिशप लंडनला, मध्ये समुद्र. मग गावातल्या चार माणसांनी मिळून कारभार बघितला, छप्पर शाकारलं, पाद्री ठेवला, न पटल्यास पाद्र्याचा पगारही लांबवला. युद्ध संपल्यावर कनेक्टिकटच्या सॅम्युअल सीबरींना बिशप व्हायचं होतं, पण इंग्लंडातले बिशप म्हणाले, आधी राजाशी निष्ठेची शपथ घ्या. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाच्या नागरिकाने ती कशी घ्यायची? ते स्कॉटलंडला गेले आणि १४ नोव्हेंबर १७८४ ला ॲबर्डीनमध्ये तिथल्या बिशपांनी त्यांना दीक्षा दिली. बदल्यात स्कॉटिश पद्धतीची प्रभुभोजनाची प्रार्थना अमेरिकेत रुजवायचा प्रयत्न करू, असं त्यांनी कबूल केलं, आणि १७८९ च्या पहिल्या अमेरिकन प्रार्थनापुस्तकात ती खरंच आली. चर्चच्या पाटीवरच्या ढालीत डाव्या कोपऱ्यात बारीक नऊ क्रूस आहेत, ते स्कॉटलंडच्या संत अँड्र्यूच्या तिरक्या क्रूसाच्या आकारात मांडलेले आहेत. स्कॉटलंडच्या त्या उपकाराची ती आठवण.

बिशप आता आहेत, पण आमच्याकडे क्वचित येतात. आले की चांदीची भांडी निघतात आणि कॉफीबरोबर हॅम असतं. एरवी राज्य व्हेस्ट्रीचं. जानेवारीच्या वार्षिक सभेत निवडलेली ही माणसं दर महिन्याला बसतात आणि, मला मिळालेल्या आतल्या बातमीनुसार, बहुतेक वेळ बॉयलरवर बोलतात. दोन वॉर्डन असतात. मोठा वॉर्डन पाद्रीबाईंशी सल्लामसलत करतो आणि धाकटा इमारत बघतो. धाकट्या वॉर्डनची मला खरोखर दया येते. छपरातून ठिबकलं की त्याला फोन, बाथरूम तुंबली की त्याला फोन. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला हॉलमध्ये निरांजन लावायला त्यानेच मनाई केली, विम्याच्या नियमावर बोट ठेवून. वर चर्चमध्ये डझनावारी मेणबत्त्या जळत असतात, हे मी त्याच्या नजरेस आणून दिलं. तो म्हणाला, "त्या जुन्या आहेत." शेवटी आरती पार्किंगमध्ये झाली आणि तोच टाळ्या वाजवत उभा होता.

शनिवारी सकाळी ऑल्टर गिल्डच्या, म्हणजे वेदीची व्यवस्था बघणाऱ्या, बायका येतात. वेदीच्या मागच्या खोलीत त्यांचं राज्य, आणि तिथे पाद्रीबाईही दार वाजवून शिरतात. एकदा त्यांनी मला काम बघू दिलं. प्याला पुसायचे छोटे तागाचे रुमाल असतात, मधोमध बारीक क्रूस भरलेला. त्यांवर द्राक्षारसाचे डाग असतात आणि लिपस्टिकचेही. हे रुमाल थेट मशिनमध्ये टाकायचे नाहीत. आधी हाताने खळबळायचे, आणि ते पाणी ज्या बेसिनमध्ये ओतायचं त्याचा पाइप गटाराला न जाता थेट जमिनीत जातो. पवित्र झालेला थेंब सांडपाण्यात जाऊ नये म्हणून. बेसिन नसेल तिथे बाहेर झाडाच्या मुळाशी ओततात. मग धुणं, मग ओलसर असतानाच उलट्या बाजूने कडक इस्त्री. वेदीवर अंथरायचा चौकोनी रुमाल दोन्ही दिशांनी तीन-तीन भागांत, आतल्या बाजूला दुमडत घडी करायचा, उलगडला की नऊ चौकोन दिसले पाहिजेत. आत दुमडायचं कारण, भाकरीचा कण राहिलाच तर आतच राहावा. मेण सांडलं असेल तर खाली-वर तपकिरी कागद ठेवून इस्त्री फिरवायची, मेण कागदात उतरतं. माझी आजी असती तर या बायकांशी तिचं पाच मिनिटांत जमलं असतं. सोवळ्याचं धुणं वेगळं का, हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नसतं.

या बायकांत देवाविषयी बोलणं मी फारसं ऐकलं नाही. स्टार्च कुठला चांगला, यावर दीर्घ चर्चा ऐकली.

मधले वार किरकोळ. बुधवारी दुपारी बारा वाजता चार-पाच माणसांची छोटी उपासना, आजाऱ्यांच्या कपाळाला तेल. गुरुवारी गायकवृंदाचा सराव, सहा गळे, त्यात पुरुष एकच, तो सर्दीला गेला की त्या रविवारची सगळी गाणी एकसुरी. तळघरात आठवड्यातून दोन संध्याकाळी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे दारू सोडू पाहणारी, मंडळी जमतात. हे नातंही जुनं आहे. १९३५ च्या सुमारास ती चळवळ उभी राहिली तेव्हा तिच्या विचारांवर न्यूयॉर्कच्या कॅल्व्हरी चर्चचे एपिस्कोपल पाद्री सॅम शूमेकर यांचा मोठा प्रभाव होता. त्या मंडळींची कॉफी चर्चच्या कॉफीपेक्षा कितीतरी चांगली असते, असं तिथे जाणारे सांगतात. मला त्यात तथ्य वाटतं.

कारण चर्चची कॉफी साठ कपांच्या पिंपात होते आणि पिंपाला पाऊण तास लागतो. ज्याच्या नावावर कॉफी त्याने पहिलं गाणं सुरू व्हायच्या आत बटण दाबलंच पाहिजे, नाहीतर शेवटचा आशीर्वाद झाला तरी खाली कोमट पाणी. माझ्या रविवारी मी कॉफीबरोबर बटाटेवडे केले. दहावाल्यांनी फन्ना उडवला. आता माझ्या नावापुढे कुणीतरी पेन्सिलने कंसात 'तेच' असं लिहून ठेवलंय.

मतं मात्र एकाची एक नाहीत. श्रद्धावचन, म्हणजे आपण काय काय मानतो ते सांगणाऱ्या ठरलेल्या ओळी, म्हणायला सगळे उभे राहतात, पण माझ्या पुढच्या बाकावरचे गृहस्थ एका ठराविक ओळीला ओठ मिटून घेतात आणि पुढच्या ओळीला पुन्हा सामील होतात. सगळ्यांना ते ठाऊक आहे. तेच गृहस्थ व्हेस्ट्रीचे खजिनदार आहेत. त्यांना पाहून मला पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांनी अँग्लिकन बाप्तिस्मा घेतला, आणि मग तिथल्या सिस्टरांशी पत्रांतून वाद घालत राहिल्या, अगदी गळ्यातल्या क्रूसावर लॅटिनच का, संस्कृत का नको, इथपर्यंत. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी १८८६ मध्ये त्या याच पेनसिल्व्हेनियात आल्या होत्या. आमच्या चर्चमध्ये असत्या तर त्यांना पहिल्याच जानेवारीत व्हेस्ट्रीवर बसवलं असतं आणि बॉयलरचा प्रश्न सुटला असता.

आजाऱ्यांसाठी प्रार्थना म्हणताना नावांची यादी वाचतात, नुसती पहिली नावं. दोन वर्षांपूर्वी पुण्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, तेव्हा स्टार्चवाल्या आजींनी परस्पर तिचं नाव यादीत घातलं. दर रविवारी वाचणारं माणूस वेगळं, त्यामुळे उच्चारही वेगळा. आई आता पर्वती चढून येते, पण नाव तसंच आहे. यादीतून नाव काढायचं काम कुणाकडे, हे फ्रिजवरच्या कागदात कुठेच नाही. मी आईला फोनवर विचारलं, काढायला सांगू का? ती म्हणाली, "राहू दे की. फुकट आहे ना?"

सध्या वाद चालू आहे तो उन्हाळ्याचा. जुलै-ऑगस्टमध्ये माणसं कमी, म्हणून आठ आणि दहाच्या ऐवजी सगळ्यांची मिळून नऊला एकच उपासना घ्यावी, असा प्रस्ताव आहे. आठवाल्यांच्या मते नऊ म्हणजे दुपार, आणि त्यात गाणी. दहावाल्यांच्या मते नऊ म्हणजे पहाट. १९२८ वाल्या आजोबांनी लेखी हरकत नोंदवली आहे. विषय व्हेस्ट्रीच्या पुढच्या बैठकीत आहे, बॉयलरनंतर. तोवर जुलैचा कागद लागलेला नाही आणि वडे कितीला तळायचे ते मला कुणी सांगत नाही.