कॅमेऱ्याच्या आधी मागचं दार बघा

दुकान असो, वर्कशॉप असो की दोन खोल्यांचं ऑफिस, चोरीचा विषय निघाला की सगळे थेट कॅमेऱ्यावरच येतात. चार कॅमेरे लावले, आता काळजी नाही, असं धरूनच चालतात. मला हे अजिबात पटत नाही आणि मी भेटेल त्याला सांगत असतो की कॅमेरा चोरी बघतो, अडवत नाही. अडवतं ते दार, कुलूप आणि आपली रोजची शिस्त. छोट्या धंद्यात पैसे मोजकेच असतात, मग ते आधी दाराला लावा, उरले तर कॅमेऱ्याला.

चोराचं सगळं गणित वेळेचं असतं. आत शिरायला किती वेळ लागणार, आवाज किती होणार, कोणी बघेल का, बस. 1979 साली लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोघा अभ्यासकांनी हे फार सरळ मांडलंय, की चोरी करायला तयार असलेला माणूस, हाती लागेल असा माल आणि राखण करणारं कोणीच नाही, या तीन गोष्टी एकाच जागी एकाच वेळी जुळल्या की चोरी होते. आता पहिल्यावर आपला काही इलाज नाही पण बाकीच्या दोन तर आपल्याच हातात आहेत ना.

शटरचं कुलूपच घ्या. कुलूप भलंमोठं, वजनदार, आणि अडकवलंय कशात तर पातळ पट्टीच्या कडीत, आणि ती कडी बसवलीय चार बारक्या स्क्रूंवर. चोर कुलपाला हातसुद्धा लावत नाही, कडीच्या मागे पहार घालतो आणि एक हिसका देतो, कुलूप अखंड राहतं आणि कडी उखडून खाली. म्हणून कडी-कोयंडा जाड पोलादाचा घ्या आणि तो आरपार बोल्टने बसवा, नट आतल्या बाजूला, बाहेरून पाना लागणार नाही असा. कुलूप असं बघा की ज्याची वरची दांडी जवळपास पूर्ण झाकलेली असते, म्हणजे बोल्ट कटरचे जबडे शिरायला जागाच उरत नाही. शटर फक्त मधोमध लॉक करत असाल तर कोपऱ्याखाली पहार घालून ते उचकटता येतं, त्यामुळे दोन्ही बाजूंना, रेलच्या जवळ लॉक हवंच हवं. लाकडी दार असेल तर कुलपाची जीभ चौकटीत जिथे जाते ती पट्टी नीट बघा, बऱ्याचदा ती इतक्या छोट्या स्क्रूंवर असते की जोरात दोन लाथा बसल्या तर चौकटच फाटते. तिथे लांब स्क्रू टाकायला फार खर्च नाही, कामही जास्त नाही.

आणि हे सगळं पुढच्या दाराचं झालं. मागचं दार, टॉयलेटची खिडकी, एक्झॉस्ट फॅनचं भोक, छपराचे पत्रे हे कोण बघतं? रात्री एकदा बाहेरून चक्कर मारा आणि चावी हरवलीय, आत तर जायचंच आहे, अशा नजरेने बघा. अंधारा कोपरा, भिंतीला टेकवून ठेवलेली शिडी, खिडकीखाली रचलेले खोके, सगळं दिसायला लागेल.

कॅमेऱ्याच्या विरोधात नाहीये मी, पण लावायचा तर धड लावा. खूप उंचावर लावला की फक्त टोप्या आणि डोक्याचे केस दिसतात, समोरून उजेड येत असेल तर चेहरा काळाठिक्कर येतो. एक कॅमेरा तरी दारात चेहऱ्याच्या जवळपासच्या उंचीला असू द्या. रेकॉर्डिंगचा डबा गल्ल्याशेजारी उघड्यावर ठेवू नका, चोर जाताना तोच उचलून नेतो. तो कुलपात ठेवा किंवा कॉपी दुसरीकडे जाईल असं करा. कंपनीतून आलेला पासवर्ड तसाच ठेवू नका आणि घड्याळ बरोबर आहे ना बघा, वेळ चुकीची असली की पुढे पुरावा म्हणून डोकेदुखी होते.

गल्ला रात्री रिकामा करून ड्रॉवर उघडाच ठेवायचा, बाहेरून दिसेल असा, म्हणजे तो फोडण्यात कोणाला काही मिळणार नाही हे आधीच कळतं. रोकड बँकेत रोज त्याच वेळी त्याच रस्त्याने नेऊ नका. तिजोरी जड आहे म्हणून कोण उचलणार असं वाटतं खरं, पण ईएन 1143-1 या युरोपियन मानकात 1000 किलोपेक्षा हलक्या तिजोरीला बोल्टने पक्कं करायची सोय असावीच लागते, मग आपल्या छोट्या तिजोरीची काय कथा.

आता आतल्या चोरीबद्दल. हा विषय नाजूक आहे आणि मला इथे मालकांचं वागणं खटकतं, काहीतरी कमी पडलं की लगेच सगळ्यांच्या पिशव्या तपासायच्या, सगळ्यांवर संशय. त्यापेक्षा हिशोबच असा ठेवा की संशयाला जागा राहणार नाही. कॅश मोजताना दोघं हवेत, रिटर्न आणि कॅन्सल झालेली बिलं दुसऱ्या कोणीतरी बघायची, पटकन विकला जाईल असा छोटा महाग माल वरचेवर मोजायचा. कोणती चावी कोणाकडे आहे हे लिहून ठेवा, आणि कोणी काम सोडलं की अलार्मचा कोड त्याच दिवशी बदला, चावी परत आली तरी तिची दुसरी बनवलेली नसेल कशावरून, म्हणून लॉकचा सिलिंडर, म्हणजे चावी घालून फिरवतो तो भाग, तोही बदलून घ्या. हे सगळं प्रामाणिक माणसाच्याच फायद्याचं आहे कारण उद्या काही गेलं तर त्याच्याकडे बोट दाखवता येत नाही.

इन्शुरन्स असेल तर पॉलिसी आत्ताच काढून वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये तोडफोड करून घुसल्याच्या खुणा असतील तरच घरफोडीचे पैसे मिळतात. मशीन, लॅपटॉप यांचे सीरियल नंबर, फोटो, बिलं हे दुकानाबाहेर कुठेतरी ठेवा, नाहीतर मालाबरोबर कागदही जायचे.

आणि चोरी झालीच तर कशालाही हात न लावता बाहेर या, पोलिसांना बोलवा, त्यांचं काम झालं की मग आवराआवर. पण दार मात्र त्याच दिवशी दुरुस्त करा, आधीपेक्षा मजबूत. एकदा फोडलेली जागा थोड्याच दिवसांत परत फोडली जाण्याचा धोका जास्त असतो, हे अभ्यासातून पुन्हा पुन्हा दिसलंय. आतला रस्ता चोरांना माहीत झालेला असतो, आणि नवीन माल भरणार हेही.