आभाळातला दगड

"सर, वणव्याच्या रात्री वरून पेटता गोळा आला. सकाळी सड्यावर बघतो तर हा!" पावसच्या बाजूच्या बागायतदार काकांनी गोणपाटातून नारळाएवढा काळाकुट्ट दगड काढून टेबलावर ठेवला. मी रत्नागिरीत रसायनशास्त्र शिकवतो. असले दगड अधूनमधून येतात आणि जांभाच निघतात. पण याला लोहचुंबक चिकटला. खोटं कशाला बोलू, दहा मिनिटं मीही हुरळलो.

मग टाइलच्या मागच्या खडबडीत बाजूवर घासला. तांबूस-तपकिरी रेघ उठली. उल्केची सहसा अशी उठत नाही. तरी काकांच्या समाधानासाठी कोपरा फोडला, भुकटी आम्लात उकळली, लोखंड मधे येऊ नये म्हणून सायट्रिक आम्ल घातलं, मग डायमिथाइलग्लायॉक्झाइम आणि अमोनिया. निकेल असतं तर लालभडक साका धरला असता. काही नाही.

"पण निकेलच का?" काका म्हणाले. विद्यार्थी हे कधी विचारत नाहीत.

साध्या दगडी उल्केतही निकेल 1 टक्क्याच्या आसपास असतं, लोखंडी उल्केत त्याहून कितीतरी जास्त. पृथ्वी घडली ती अशाच मालातून. मग पायाखालच्या खडकांत ते सरासरी दहा हजारांत एक भागही का नाही? पृथ्वी वितळलेली असताना लोखंड तळाला बुडालं आणि निकेल, सोनं, प्लॅटिनम त्याच्यामागोमाग गाभ्यात गेलं. तिथवर कुणी पोचलेलं नाही, पण उल्केतून जमीन वजा केली की खाली काय गेलं त्याचा अंदाज येतो. पृथ्वीचं वयही असंच सापडलं. 1956 साली अमेरिकी शास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी 4.55 अब्ज वर्षं हा आकडा काढला, तो उल्कांमधल्या शिशावरून.

काकांनी बोटातली अंगठी पुढे केली. "सोनं खाली गेलं, मग हे कुठलं?"

"गाभा बनून गेल्यावर उशिरा आदळलेल्या उल्कांनी आणलं असावं, असा बऱ्याच शास्त्रज्ञांचा कयास आहे."

काका बराच वेळ अंगठी फिरवत बसले.

चुंबकाचं कोडं वणव्यानेच सोडवलं. जांभ्यातलं गंजासारखं लोह पालापाचोळ्यासकट भाजलं की त्याचं मॅगहेमाइट होतं, ते चुंबकाला चिकटतं. पेटता गोळा कसला होता, ते काकाच जाणोत.

दगड त्यांनी नेलाच नाही. खारा वारा सुटला की प्रयोगशाळेचं दार आपटतं, तिथे तो टेकू म्हणून ठेवलाय.