एनजीसी २२६१: अकरा दिवसांत सरकलेली सावली खोटी निघाली

एनजीसी २२६१ म्हणजे हबलचा बदलता तेजोमेघ, आर मोन या ताऱ्यापासून पंख्यासारखा पसरलेला. मागच्या अपडेटमध्ये मी त्यावरच्या ज्या सावलीचा ब्लिंक (दोन रात्रींचे फोटो आलटून-पालटून दाखवणं) टाकला होता, ती सावली आर मोनची नाही. तो पाहून ज्यांनी आपापल्या जुन्या फ्रेम्स काढून ताडून बघितल्या, त्यांची मनापासून माफी मागतो. पंख्याच्या पश्चिम कडेला असलेली काळसर कमान अकरा दिवसांनी पूर्वेकडे ४० पिक्सेल सरकलेली दिसत होती. हबलच्या या बदलत्या तेजोमेघावर गेले दोन हंगाम काढल्यावर असं काही दिसलं की माणूस आधी नाचतो, हिशोब मागून करतो. माझंही तेच झालं.

हिशोब केला तिथेच पाल चुकचुकली. माझा सेटअप तोच, २०० मिमी एफ/५ न्यूटोनियन दुर्बीण आणि ३.७६ मायक्रॉनचा मोनो कॅमेरा, म्हणजे ०.७८ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) प्रति पिक्सेल. तेजोमेघ सुमारे २५०० प्रकाशवर्षांवर आहे, तेव्हा इथली एक विकला म्हणजे तिथे साधारण ७७० खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर). प्रकाश दिवसाला १७३ एकक कापतो, अकरा दिवसांत १९००. माझ्या फ्रेमवर हे जेमतेम तीन पिक्सेल भरतात! सावली पडते तो पृष्ठभाग तिरका असेल तर ती प्रकाशापेक्षा वेगाने धावल्यासारखी दिसू शकते, हे मान्य. पण बारा-तेरा पट?

मग एक आठवलं. पहिल्या रात्रीचे बहुतेक सब्ज (एकेक सुटं एक्स्पोजर) मेरिडियन फ्लिपच्या (लक्ष्य माथ्यावरून पश्चिमेला जाताना दुर्बीण उलटी फिरते, फ्रेमही १८० अंशांनी फिरते) आधीचे होते, दुसऱ्या रात्रीचे बहुतेक नंतरचे. दुसऱ्या रात्रीचे फ्लिपच्या आधीचे २२ सब्ज बाजूला काढून वेगळे स्टॅक केले (एकावर एक रचून सरासरी काढली), तर कमान पुन्हा पश्चिमेला हजर. एकाच रात्रीत, अर्ध्या तासाच्या अंतराने, इकडून तिकडे. शेवटी अलाइन न करताच, म्हणजे तारे जुळवून न घेता, स्टॅक केलं आणि दोन्हीकडे कमान सेन्सरच्या त्याच पिक्सेलवर बसलेली दिसली. म्हणजे चूक माझ्या नळीत होती.

पण फ्लॅट्स (एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे फोटो, ज्यांनी धुळीच्या सावल्या फ्रेममधून काढतात) लावूनही ती का उरली, यात चार संध्याकाळी गेल्या. ताजा फ्लॅट काढून जोरात स्ट्रेच केला (फिका फरक उठावदार केला) तेव्हा डोनट, म्हणजे धूलिकणाची कड्यासारखी सावली, दिसला, २७० पिक्सेल रुंद. न्यूटोनियनमधला ओळखीचा आकार, मध्ये दुय्यम आरशाचं भोक. २७० गुणिले ३.७६ मायक्रॉन म्हणजे सेन्सरवर एक मिलिमीटर, आणि एफ/५ ला एक मिलिमीटरची सावली पाडणारा कण सेन्सरपासून पाच मिलिमीटरवर असतो. फिल्टर माझ्याकडे वीस मिलिमीटरवर आहे, तो सुटला. उरली कॅमेऱ्याच्या पुढची काच. मी मधे कॅमेऱ्यातल्या ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या गोळ्या बदलल्या होत्या, आणि त्यानंतरच्या दोन्ही रात्रींना लायब्ररीतले जुने फ्लॅट्स लावले होते. कण नवा, फ्लॅट जुने.

डोनटच्या कडेचा अंधार एक टक्क्याहूनही कमी होता. मला आधी वाटलं, एवढ्याने काय होणार? पण तो पार्श्वभूमीलाही लागतो हे विसरू नका. माझ्या सबमध्ये आकाश १२०० एडीयू (कॅमेरा उजेड मोजतो ते एकक) आणि पंख्याचा फिका भाग त्याच्यावर फक्त ४०. बाराशेचा एक टक्का बारा, म्हणजे फिक्या भागाचा पाव हिस्सा गायब. डिदर (दर एक्स्पोजरला दुर्बीण थोडी सरकवणं) आठ पिक्सेलचं, ते २७० च्या डोनटला काय पुसणार? परावर्तन तेजोमेघ, म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशाने उजळलेली धूळ, असल्यामुळे एकाच रंगाचा प्रकाश जाऊ देणारा अरुंद फिल्टर लावून आकाश कापायचीही सोय नाही.

पहिला मोह झाला तो काच पुसायचा. तो आवरला म्हणून दोन रात्री वाचल्या. कण जागेवर ठेवून साठ नवे फ्लॅट्स घेतले, दोन्ही रात्री पुन्हा कॅलिब्रेट केल्या आणि कमान गेली. काच त्यानंतर पुसली. फ्लॅट पॅनेलबद्दल एक सांगतो. विक्रेत्याने ‘अॅस्ट्रोसाठी खास’ म्हणून दिलेलं पॅनेल सर्वांत मंद ठेवूनही इतकं प्रखर आहे की एक्स्पोजर फारच छोटं होतं आणि लखलखाटाचे पट्टे येतात. पांढऱ्या कागदाचे चार थर लावून दोन सेकंदांवर आणलं, मग ठीक.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. स्वच्छ डेटा हातात आल्यावर ब्लिंक नव्या पद्धतीने केला. स्ट्रेच करायच्या आधी, लिनियर अवस्थेतच, सगळ्या रात्री सर्वांत वाईट रात्रीच्या एफडब्ल्यूएचएमला (ताऱ्याच्या ठिपक्याची रुंदी, म्हणजे धूसरपणाचं माप) आणल्या. पहिली रात्र २.६ विकलांची, दुसरी ३.४ ची. चांगली रात्र मुद्दाम धूसर करताना जीवावर येतं, पण तसं न केल्यास आर मोनच्या डोक्याभोवतीची चमक रात्रीगणिक बदलते आणि बदल झाल्यासारखा वाटतो. मग आजूबाजूच्या ताऱ्यांवर लिनियर फिट, म्हणजे सगळ्या रात्रींची उजेडाची पातळी जुळवणं. सिरिल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं झालं, पैसे खर्चायची गरज पडली नाही. एआय शार्पनिंग या तेजोमेघावर वापरूच नये असं माझं ठाम मत आहे. नसलेले धागे ते इतक्या सफाईने काढून देतं की खऱ्याशी ताडणं अशक्य होतं.

मागच्या फेब्रुवारीचा स्टॅक याच्यातून वजा केला आणि डोक्याच्या किंचित वायव्येला, पंख्याच्या अगदी मुळाशी, बारा पिक्सेल लांबीची करडी खाच उमटली. चिमूटभर आहे. पण दोन्ही रात्रींत आहे, फ्लिपच्या दोन्ही बाजूंना आहे, चारही स्वतंत्र स्टॅकमध्ये त्याच जागी. रात्री दोनला ती चौथ्यांदा दिसली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. १९१६ मध्ये हबलने येर्क्स वेधशाळेच्या प्लेट्स (काचेवरचे फोटो) ताडून हेच पाहिलं होतं. पंखा स्वतः हलत नाही. त्याच्या टोकाशी दडलेल्या तरुण ताऱ्याजवळ धुळीचे ढग फिरतात आणि त्यांच्या सावल्या ताऱ्याने कोरलेल्या पोकळीच्या भिंतीवर पडतात. तारा थेट दिसत नाही, पण त्याच्या अंगणात काय चाललंय ते या भिंतीवर वाचता येतं. खगोलशास्त्रज्ञ लॅम्पलंडने लोवेल वेधशाळेत १९५१ पर्यंत याच्या प्लेट्स का घेतल्या, ते आता पुरतं कळतंय.

या हंगामात रंगीत करायचं ठरवलं होतं, ते रद्द. फक्त ल्युमिनन्स (रंग न वेगळे करता सगळा प्रकाश), दर अमावस्येच्या आसपास दोन रात्री, तेजोमेघाचा तारकासमूह शृंगाश्व मावळतीकडे कलेपर्यंत. प्रत्येक रात्रीचे फ्लॅट्स त्याच रात्रीचे.

हे लिहिता लिहिता एक सुचलं. डोक्यापासून साडेसात कलांच्या (एक कला म्हणजे ६० विकला) आसपास उत्तरेला एचएच ३९ आहे, याच ताऱ्याच्या झोताने धक्का देऊन पेटवलेल्या गाठी. माझं फील्ड ३९ कलांचं, त्यामुळे ते फ्रेममध्ये आपोआप येतं, आणि ते उत्सर्जनाने चमकतं, म्हणजे तिथे अरुंद फिल्टर चालतो. सल्फर-टूचा (आयनित सल्फरच्या प्रकाशाचा) फिल्टर वर्षभर पडून आहे. चंद्र असलेल्या रात्री त्याला द्यायच्या असं आता ठरवतोय, आधी तीन तास हायड्रोजन-अल्फा (हायड्रोजनचा लाल प्रकाश) घेऊन गाठी दिसतात का बघून.

कुणाकडे जानेवारीपासूनचा एक विकला प्रति पिक्सेलहून बारीक डेटा असेल तर लिनियर FITS फाइल्स द्या, कसलंही प्रोसेसिंग न केलेले. सब फ्लिपच्या आधीचे की नंतरचे, आणि फ्लॅट्स कोणत्या तारखेचे, तेवढं सोबत लिहा. ती खाच तुमच्याकडेही मुळाशी, वायव्येला आहे का, ते पाहायचंय.