लांग्झाचा शाळिग्राम

२८ जून, बोरिवली. रात्रीचे साडेअकरा.

तीन दिवस झाले, गॅलरीतले कपडे वाळायचं नाव घेत नाहीत. हिमाचलातल्या स्पितीत, काझात धुतलेले मोजे तासाभरात पापडासारखे कडक झाले होते. सॅकच्या चेनमध्ये तिथली राखाडी धूळ अजून अडकलेली आहे. ब्रश घेऊन बसले आणि तसाच ठेवून दिला. राहू दे थोडे दिवस.

जिच्याबरोबर तिथे गेले, तिची-माझी मैत्री २२ वर्षांची, पण सगळी ९.१२ च्या लोकलमधली, लेडीज डब्यातली. अंधेरीनंतर गर्दीत निम्मं बोलणं मानेनेच व्हायचं. मार्चमध्ये तिची आई गेली. सहा वर्षं अंथरुणावर होत्या, सगळं हिनेच केलं. त्यानंतर ही डब्यात गप्पच. "कुठेतरी जाऊ या," म्हटलं, तर म्हणाली, "पाऊस नसेल तिथे चल."

चंडीगडहून भाड्याची गाडी घेतली, आलटून पालटून चालवली. सिमला, कल्पा, नाको असं मुक्काम करत चढलो. कल्पाला देवदार आणि सफरचंदाच्या बागा होत्या. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते, तिथून पुढे झाडं संपलीच. मान्सूनचे ढग अलीकडच्या डोंगरांवरच रिते होतात, पलीकडे नुसती माती, दगड आणि डोळे दिपवणारं ऊन. गाडीत दोघी तास तास बोललो नाही. लोकलमध्ये अशी शांतता कधी मिळालीच नव्हती.

काझाच्या पहिल्या रात्री उंचीमुळे माझं डोकं फुटायला आलं, उलट्या झाल्या. ही रात्रभर उशाशी बसून घोट घोट कोमट पाणी पाजत होती. दर थोड्या वेळाने कपाळावर हात, पांघरूण सारखं करणं. सहा वर्षांचा सराव होता तो, आणि ते बघून मलाच भरून आलं. दुसरा दिवस नुसता पडून काढला, मग उतार पडला.

लांग्झा ४,४०० मीटरवर. गावामागच्या उतारावर काळे गोल दगड पडलेले असतात. तिने एक उचलला. तो फुटून दोन भाग झाला होता, आत गोगलगायीसारखं वेटोळं, एकेक कंगोरा स्पष्ट. साधारण १५ कोटी वर्षांपूर्वी इथे तेथिस समुद्र होता, त्यातला हा जीव. गंडकीतले शाळिग्रामही त्याच समुद्रातले.

"आईच्या देवघरातल्या शाळिग्रामावर अगदी असंच चक्र आहे गं," ती म्हणाली, आणि तिथेच मातीत बसली. मग बोलायला लागली. शेवटचे पाच महिने आई तिला ओळखत नव्हत्या. 'ताई' म्हणायच्या, नर्स समजून. एकदाच, आंघोळ घालताना, नावाने हाक मारली होती.

रोज भेटत होतो आणि मला यातलं काही माहीत नव्हतं. मी विचारायचे, "आई कशा आहेत?" ती म्हणायची, "बऱ्या आहेत." तेवढ्यात माझं स्टेशन यायचं.

दगड तिने होता तिथेच परत ठेवला. नेणं बरोबर नाही, म्हणाली.

उतरताना हिक्कीमच्या पोस्टात थांबलो. १९८३ पासूनचं ते इवलंसं पोस्ट. दोघींनी एकमेकींना कार्डं लिहिली. लिहिताना तिने तळहात आडवा धरला होता, शाळेत पाटी झाकतात तसा.

कार्ड अजून आलेलं नाही. संध्याकाळी वर येताना रोज खालची पेटी उघडून बघते.