हसऱ्या चेहऱ्याची शेपटी

वऱ्हाडी माणूस थट्टा करतो तेव्हा चेहऱ्यावरची रेघ हलू देत नाही. पानठेल्यावर कोणी विचारलं, "काहून बाप्पा, यंदा कापूस इकून इमानच घेतं का?" तर त्यातली गंमत कळते ती आवाजाच्या हेलावरून, खर्रा घोटता घोटता थांबलेल्या हातावरून. हेच वाक्य गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलं की हेल गळतो आणि नुसता टोमणा उरतो. ज्याची कापसाची पऱ्हाटी बोंडअळीनं खाल्ली, तो कास्तकार ते रात्री एकटा वाचतो. मग जुंपते. म्हणून आताशा प्रत्येक उत्तरामागे हसऱ्या चेहऱ्याची शेपटी.

दुखणं आपल्याच गावचं नाही. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरची थट्टा लोक खरी धरू लागले, तेव्हा तिथले संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी तोडगा सुचवला: थट्टेला अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस जोडा, आडवं पाहिलं की हसरं तोंड दिसतं. मला विचाराल तर आधीच 'हसा' म्हणून सांगितलेली थट्टा म्हणजे सांडग्यात मीठ विसरल्यासारखी. पण भांडणापेक्षा अळणी बरं.

चेहऱ्यांमागून मोबाइलवर बाकीची इमोजी-चित्रंही आली. वरुड-मोर्शीवाल्यांना संत्रं मिळालं, पोळ्याला बैल मिळाला. कापसाचं बोंड मात्र कुठं सापडत नाही. मग आमच्याकडं कापसाच्या भावाच्या मेसेजखाली कोणी पांढरा ढग ठेवतो. ऐन वेचणीत ढग! वाचणारा आधी अंगणात येऊन आभाळ बघतो, वावरात कापूस फुटून उभा असतो ना.

खरी कसरत ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत. कोणत्या पॅनलच्या पोस्टला कोणाचा अंगठा, यावर दोन्हीकडं बारीक नजर असते. त्यामुळे शहाणी माणसं सगळ्यांना जोडलेले हात पाठवतात: उमेदवाराला, वाढदिवसाला, तेराव्यालाही. आमच्या एका काकांना एका उमेदवारानं थेट विचारलं, "काका, यंदा आपल्याकडंच ना?" काकांनी लगेच उत्तर दिलं. दोन जोडलेले हात, शेजारी हसरा चेहरा. तो बिचारा ते उत्तर घेऊन गावभर अर्थ विचारत फिरला. मतमोजणी झाली, तरी काका अजून हसतेच आहेत.