शब्बाथ, उपोसथ आणि संसारी माणूस

रविवार, रात्री उशिरा

धर्म रोजच्या जगण्यात कुठवर शिरतो, हेच आज दिवसभर डोक्यात घोळत होतं. ज्यू आणि बौद्ध, दोघांचंही उत्तर एकच निघालं: पार संडासापर्यंत. ज्यूंकडे शौचाहून आल्यावर म्हणायची प्रार्थना आहे. तालमुदमध्ये, म्हणजे ज्यू पंडितांच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, ती आबाये या पंडिताच्या नावावर आहे. देवा, तू शरीरात छिद्रं आणि पोकळ्या केल्यास, त्यातलं एखादं तुंबलं किंवा फुटलं तर माणूस जगायचा नाही, असा तिचा आशय. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे भान ठेवण्यावरच्या प्रवचनात, बुद्ध भिक्खूंना सांगतात की खाता-पिताना, चालताना, मलमूत्र विसर्जन करतानाही भान ठेवावं. एकीकडे आभार, एकीकडे भान. बौद्ध वाटेवर आभार मानायला निर्माता कुणी नाही, एवढं तर सगळेच सांगतात.

मला जास्त सतावतंय ते हे की नियमांचं ओझं नेमकं कुणाच्या डोक्यावर. थेरवादी, म्हणजे श्रीलंका-थायलंडकडच्या जुन्या बौद्ध पंथाच्या, भिक्खूला 227 नियम, अगदी घास केवढा घ्यावा आणि घास तोंडात असताना बोलू नये इथपर्यंत. गृहस्थाला मात्र पंचशील. ज्यू परंपरा 613 आज्ञा मोजते. त्यातल्या बऱ्याच जेरुसलेमच्या मंदिराशी बांधलेल्या, इ.स. 70 मध्ये ते उद्ध्वस्त झालं तेव्हापासून पाळताच येत नाहीत; पण उरलेल्या आज्ञा रब्बीला (ज्यू धर्मगुरूला) आणि शिंप्याला जवळपास सारख्याच.

शब्बाथचंच घ्या, ज्यूंचा आठवड्याचा विसाव्याचा दिवस. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत 39 प्रकारची कामं बंद, आणि त्यातलं एक म्हणजे निवडणं. ताटात दाणे आणि टरफलं एकत्र असली तर लगेच खायचे दाणे हाताने उचलून घ्यायला हरकत नाही; टरफलं वेचून बाजूला काढली की ते ‘काम’ ठरलं, नियम मोडला! आधी मला हा काथ्याकूट वाटायचा. पण दाणे खाताना बोटांकडे लक्ष जातं, हेही खरंच.

बुद्धांनी संसारी माणसाला अगदीच मोकळं सोडलंय असंही नाही. राजगृहाजवळ ओल्या कपड्यांनी सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या सिगाल नावाच्या तरुणाला त्यांनी सांगितलं की पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण गुरू, पश्चिम बायकोमुलं, उत्तर मित्र, खाली नोकरचाकर, वर श्रमण-ब्राह्मण. मालकाने नोकराला झेपेल तेवढंच काम द्यावं, आजारपणात बघावं, गोडधोड वाटून खावं, वेळेवर सुट्टी द्यावी. वाचून फार बरं वाटतं. पण हा झाला उपदेश. तोरा, ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, सुट्टी मालकाच्या मर्जीवर ठेवतच नाही: नोकर, मोलकरीण, बैल, गाढव, सगळ्यांना सातव्या दिवशी विसावा, आज्ञाच आहे. राबणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर मी आज्ञेला कौल देईन.

अर्थात नियम म्हटला की पळवाट आलीच. आपोआप लागणारे-विझणारे दिवे, बटण न दाबता प्रत्येक मजल्यावर थांबणारी शब्बाथची लिफ्ट. बुद्ध तर हेतूलाच कर्म म्हणतात, तिथे असली लिफ्ट कशी बसवणार?

बौद्धांकडेही शब्बाथसारखा राखून ठेवलेला दिवस आहे, उपोसथ. पौर्णिमा-अमावास्येला उपासक आठ शीलं घेतात: दुपारनंतर जेवण नाही, दागिने-अत्तर नाही, गाणंबजावणं नाही, उंच बिछाना नाही, ब्रह्मचर्य. शब्बाथला नेमकं उलटं. तीन जेवणं, वाइन, ठेवणीतले कपडे, नवराबायकोची जवळीकसुद्धा त्या दिवशी पुण्याची. उपोसथाला संसारी माणूस एका दिवसापुरता अर्धा भिक्खू होतो, शब्बाथला तो पुरेपूर संसारी असतो. मला यातला उपोसथ जमेल. उपाशी राहणं, गप्प बसणं अंगवळणी आहे. फोन बंद करून घरच्यांसोबत एका दिवसात तीनदा निवांत जेवायला बसणं मात्र मला जड जाईल.