तो खेळतोयच, पण ती खेळतेय का?

डॉग पार्कातली, म्हणजे कुत्र्यांना मोकळं सोडायच्या कुंपणातल्या मैदानातली, भांडणं बहुतेक वेळा कुत्र्यांची नसतातच. कुत्री एकदा गुरगुरतात, अंग झटकतात आणि मोकळी होतात. माणसं मात्र पुढचे आठ दिवस एकमेकांकडे न बघता गेटातून जातात. मी माझ्या कुत्रीला, भुरीला, घेऊन बरीच वर्षं आमच्या जवळच्या पार्कात जातेय. आता मला कुत्र्यांपेक्षा मालकांचाच अंदाज आधी येतो. तोही गेटापाशीच.

आमच्या पार्काला दोन गेटं आहेत आणि मध्ये छोटी मोकळी जागा. बाहेरचं गेट लावायचं, मध्ये पट्टा काढायचा, मग आतलं उघडायचं. कुत्रं निसटू नये म्हणून ही सोय. पण नवीन कुत्रं आलं की आतली सगळी टोळी गेटावर जमते आणि येणाऱ्याच्या तोंडावर सहा-सात नाकं एकदम येतात. भुरी मुळात बुजरी, रस्त्यावरून आणलेली. तिला हे अजिबात आवडत नाही. अशा वेळी जो मालक स्वतःहून उठून आपल्या कुत्र्याला हाक मारतो आणि चार पावलं लांब नेतो, तो आपला माणूस. जो फोनमधून मान वर न करता ‘काही करत नाही हो तो’ म्हणतो, त्याच्या कुत्र्यावर मी जरा जास्त लक्ष ठेवते. आणि बाकीची मोकळी असताना आपलं कुत्रं पट्ट्याने बांधून आत फिरवणारे तर मला कळतच नाहीत. बांधलेल्या कुत्र्याला नको असेल तेव्हा पळताही येत नाही, मग ते दात दाखवणारच.

‘काही करत नाही’ हे वाक्य सगळ्यात जास्त म्हणायचे ते शेराचे बाबा. शेरा म्हणजे तरणाबांड लॅब्राडोर. त्याची ओळख करून घ्यायची पद्धत म्हणजे धावत येऊन खांद्याने धडक द्यायची. मनात काही वाईट नाही, पण वजन आहे. त्याने चिंगीला, म्हणजे एका लहानखुऱ्या बीगलला, पाडलं की चिंगीची ताई ओरडायची, ‘अहो, आवरा ना त्याला!’ आणि बाबा म्हणायचे, ‘अहो, खेळतोय तो.’ दोघांचंही आपापल्या परीने बरोबर होतं, म्हणून ते भांडण संपायचं नाही.

ते संपवलं बंड्याच्या आजींनी. बंड्या म्हातारा पग, दोन फेऱ्या मारल्या की धापा टाकतो. त्याच्या चपट्या नाकाला उकाडा झेपत नाही. त्यामुळे आजी बाकावर आणि बंड्या बाकाखाली. दोघं मिळून सगळ्यांचं निरीक्षण करतात. एकदा शेरा चिंगीच्या उरावर उभा असताना आजी बसल्या जागेवरून म्हणाल्या, ‘अहो शेराचे बाबा, त्याला जरा धरून ठेवा. आणि ताई, तू तिला उचलू नकोस. बघू ती काय करते.’

बाबांनी शेराला गळपट्ट्याला धरून मागे घेतलं. चिंगी उठली. नाकापासून शेपटीपर्यंत अंग झटकलं. एक सेकंद इकडेतिकडे पाहिलं. मग सरळ शेरासमोर गेली, पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवली, मागचा भाग हवेत, आणि त्याच्या नाकावर भुंकली. कुत्र्यांच्या भाषेत हे ‘चल, खेळू या’. ताईला हसू आवरेना. म्हणजे धडक बसत होती ती चिंगीच्या संमतीने!

पुढे एका तांबूस, लांब केसांच्या नव्या कुत्रीवर हाच प्रयोग झाला. शेराला धरल्याबरोबर ती कान मागे टाकून, शेपूट पोटाखाली घालून तडक मालकिणीच्या पायांमागे गेली आणि तिथून हलली नाही. कोणी एक शब्द बोललं नाही. शेराच्या बाबांनी स्वतःच पट्टा लावला आणि त्याला पार दुसऱ्या कोपऱ्यात घेऊन गेले. यात कोणी कोणाचं कुत्रं वाईट म्हटलं नव्हतं, म्हणून कोणाला राग यायचं कारणच उरलं नाही. मला हे फार आवडलं. तोपर्यंत आम्ही सगळे शेराबद्दल भांडत होतो, समोरच्या कुत्र्याच्या बाजूने बघायचंच राहून गेलं होतं.

तेव्हापासून मीही जरा नीट बघायला लागले. खेळ असेल तर पाळी बदलते. आत्ता हा पाठलाग करतोय, मग तो. मोठं कुत्रं मुद्दाम लोळण घेतं, मध्येच दोघंही थांबतात, जमीन हुंगतात, पुन्हा सुरू. एकच कायम वर आणि एकच कायम खाली असेल, मधली विश्रांतीच नसेल, तर तिथे जाऊन उभं राहावं. शेपटीवर मात्र फार विसंबू नये. ती हलतेय म्हणजे खूश आहे असं आपण धरून चालतो, पण ताठ, उंच धरलेली, भराभर थरथरणारी शेपूट पाहिली की मी भुरीला बोलावून घेते. इटलीतल्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये तर असं दाखवलं की मालक दिसल्यावर कुत्र्याची शेपूट उजवीकडे जास्त झुकते आणि अनोळखी दांडगट कुत्रं दिसल्यावर डावीकडे. मी भुरीच्या मागे उभं राहून बरंच निरखलं. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. कॅमेऱ्याचं काम आहे ते.

बाकी कुरबुरी नेहमीच्याच. चेंडू आणला तर तो सगळ्यांचा होणार हे धरूनच आणावा, आणि आपलं कुत्रं चेंडूवरून गुरगुरत असेल तर आणूच नये. खिशातला खाऊ दुसऱ्याच्या कुत्र्याला विचारल्याशिवाय देऊ नये. कोणाला अ‍ॅलर्जी असते, कोणाचं पोट नाजूक, आणि एका हातात खाऊ दिसला की तिथे चार कुत्र्यांची गर्दी होऊन जुंपते. जुंपलीच तर मध्ये हात घालायचा नाही. त्या क्षणी कुत्रं कोणाचा हात आहे ते बघत नाही. माजावर आलेली कुत्री घरीच बरी. लसी पूर्ण न झालेलं पिल्लूही घरीच. पार्वो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो, आणि ती माती वरून अगदी स्वच्छ दिसते.

शी न उचलणाऱ्यांबद्दल मी पूर्वी मोठ्याने पुटपुटायचे. त्याचा उपयोग शून्य. आता पिशवी काढते आणि ‘घ्या, माझ्याकडे जास्तीची आहे’ म्हणून पुढे करते. आजवर एकानेही नको म्हटलेलं नाही. मनात काय म्हणत असतील ते त्यांचं त्यांना माहीत.

आणि भुरी? तिला रोज पार्क हवंच असं नाही. काही दिवस ती आतल्या गेटापाशी उभी राहते, बघते, आणि माझ्याकडे वळते. मग आम्ही कुंपणाबाहेरूनच लांब फेरी मारतो. ‘अहो, सोडा हो तिला, सवय होईल’ असं सांगणारे भेटतात. मी हसून पुढे जाते.

परवा एक जण नवीन बॉक्सर घेऊन आले. बॉक्सरने एका स्पॅनियलला खाली दाबलं आणि गृहस्थ म्हणाले, ‘काही करत नाही तो, खेळतोय.’ त्यावर शेराचे बाबा लगबगीने पुढे झाले आणि जणू हे सगळं त्यांनीच शोधून काढलंय अशा थाटात म्हणाले, ‘हो, तो खेळतोयच. पण ती खेळतेय का? धरा जरा त्याला, बघू.’ बाकावर आजींनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिचकावले.